पवित्र कुटुंब आणि दाराची कडी

२०२५ च्या जुलैअखेरीस छत्तीसगडमधल्या दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना अटक झाली. सोबत एक आदिवासी तरुण होता आणि कामासाठी निघालेल्या तीन मुली. मानवी तस्करी आणि सक्तीचं धर्मांतर असे आरोप लागले. २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने जामीन दिला, तोवर आठवडा तुरुंगात गेला होता. देशात ठिकठिकाणी निषेध झाला. एरवी मिस्सा संपताच रिक्षाच्या रांगेकडे धावणारे आमचे लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर थांबले. मीही थांबले. त्याआधी जानेवारीत उत्तराखंडचा समान नागरी कायदा अमलात आला होता आणि सप्टेंबरात राजस्थान विधानसभेने धर्मांतरविरोधी कायदा मंजूर केला. २०२५ चा जमाखर्च मांडायला बसलं तर ख्रिस्ती माणसाच्या वहीत पहिली नोंद भीतीची होते, आणि ती नोंद खोटी नाही.

दुसरी नोंद मात्र आम्ही करत नाही. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत आमच्याच धर्मग्रामांतल्या पुष्कळ असतात. त्यांनी घरातल्या मारहाणीबद्दल तोंड उघडलं की त्यांना ऐकवलं जाणारं वाक्य आता मला पाठ झालंय: ‘आपल्यावर आधीच एवढी संकटं, त्यात तू आणखी चव्हाट्यावर कशाला जातेस?’ हे वाक्य दुष्ट माणसं बोलत नाहीत. मेणबत्ती घेऊन माझ्या शेजारी उभी असलेली, भली, देवभीरू माणसंच बोलतात. समाज बाहेरच्यांना घाबरतो आणि त्या भीतीची किंमत घरातली बाई मोजते, हे माझं वर्षअखेरचं निरीक्षण. त्यातून निघणारा निष्कर्ष आमच्या अनेकांना रुचणार नाही: कुटुंबाच्या नावाने चालणारी आमची चळवळ कुटुंबातल्या माणसांपेक्षा कुटुंबाच्या दाराची जास्त राखण करते आहे.

डिसेंबरात कुटुंबसेवेचं काम करणाऱ्या मंडळांचे अहवाल हाती येतात. किती जोडपी समुपदेशनाला आली, किती परत नांदायला लागली, याचे आकडे त्यांत असतात. परत गेलेल्या बाईचं सहा महिन्यांनी काय झालं, हा रकाना मी अजून एकाही अहवालात पाहिलेला नाही.

याची मुळं फार मागे जातात. १८६९ साली ब्रिटिश सरकारने इथल्या ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाचा कायदा केला. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्याचा तो जवळपास तर्जुमाच. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की त्याचं काम झालं. बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याला क्रूरतेची, दोन वर्षं टाकून दिल्याची किंवा तशाच आणखी एखाद्या अपराधाची जोड लागे. नुसती मारहाण हे कारण धरलं जात नव्हतं, नुसतं टाकून देणंही नाही. खटला चालू असतानाच्या पोटगीला नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाची मर्यादा होती. आणि जिल्हा न्यायालयाने दिलेला हुकूमनामा उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी कायम करेपर्यंत लोंबकळत राहायचा.

ज्या इंग्लंडने हा कायदा दिला त्यानेच नवरा-बायकोतली ही विषमता १९२३ मध्ये काढून टाकली, आणि १९३७ मध्ये क्रूरता व परित्याग ही स्वतंत्र कारणं मानली. आमच्याकडे स्वातंत्र्य आलं, संविधान आलं, १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला. विधी आयोगाने १९६० मध्ये ख्रिस्ती विवाहकायद्यावर अहवाल दिला, पुढे संसदेत विधेयक आलं आणि बारगळलं. १९८३ मध्ये आयोगाने पुन्हा अहवाल दिला. १९८५ मध्ये जॉर्डन डिएंगडेह या परराष्ट्र सेवेतल्या अधिकारी महिलेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. लग्न पुरतं मोडलेलं होतं, पण कायद्यात बाहेर पडायला वाट नव्हती. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी कायद्याच्या या अवस्थेवर बोट ठेवून निकालाची प्रत विधी मंत्रालयाकडे पाठवायला सांगितलं. मंत्रालयाने पुढची सोळा वर्षं कायदा बदलला नाही. शेवटी बायकाच एकेका उच्च न्यायालयाची पायरी चढल्या. १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अम्मिनी यांच्या प्रकरणात आणि १९९७ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस यांच्या प्रकरणात त्या विषम तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. संसदेने २००१ मध्ये कायदा दुरुस्त केला. एकशे बत्तीस वर्षं.

या वर्षांत आमच्या घरांमध्ये काय झालं असेल, याचा विचार पावित्र्याची भाषा बोलणाऱ्यांनी जरूर करावा. मार खाणाऱ्या बाईला सुटायचं असेल तर नवऱ्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवावा लागे, तो असो वा नसो. बाहेर पडू पाहणाऱ्या पुरुषाला बायकोच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवावे लागत. जे जोडपं शहाणपणाने, एकमेकांबद्दल वाईट न बोलता वेगळं होऊ शकलं असतं, त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून एकमेकांवर चिखलफेक करायला हा कायदा भाग पाडत होता. बायबलवर हात ठेवून खोटं बोलण्याची गरज विवाहाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यानेच निर्माण करावी, यापरतं विपरीत काय असेल?

दोष कुणाचा? सरकार म्हणायचं, समाजाकडून मागणी नाही. समाजाचे धुरीण म्हणायचे, विवाह हा आमचा पवित्र संस्कार आहे, त्यात ढवळाढवळ नको. १९९० च्या दशकात निरनिराळ्या चर्चेसनी स्त्री-संघटनांबरोबर बसून नवे मसुदे तयार केले आणि ते सरकारदरबारी पडून राहिले, हेही नोंदवलं पाहिजे. चर्चला सरसकट खलनायक ठरवणं मला मान्य नाही. पण मसुदा तयार करणं वेगळं आणि त्यासाठी रस्त्यावर उतरणं वेगळं. शाळांच्या मान्यतेसाठी, दफनभूमीसाठी, धर्मगुरूंवरच्या हल्ल्यांविरुद्ध आम्ही मोर्चे काढले आहेत. १८६९ च्या कायद्याविरुद्ध निघालेल्या मोर्च्याची आठवण कुणी सांगत नाही. आजही परस्परसंमतीने घटस्फोट घेणाऱ्या इतर जोडप्यांना एक वर्ष वेगळं राहिलेलं चालतं, पण ख्रिस्ती जोडप्यासाठी कायद्यात दोन वर्षं छापलेली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते एक वर्ष असं वाचायला सांगितलं आणि २०२२ मध्ये ती एका वर्षाची सक्तीही घटनेशी विसंगत ठरवली. संसदेने मजकूर बदललेला नाही आणि आमच्यातल्या कुणाला त्याची घाईही दिसत नाही.

कुटुंब म्हणून आपण नेमकं काय राखतो, हे केरळमध्ये मेरी रॉय यांच्या खटल्याने उघडं पाडलं. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या मालमत्तेत मुलीचा हिस्सा म्हणजे मुलाच्या वाट्याची चौथाई किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. कोट्टायममध्ये शाळा चालवणाऱ्या मेरी रॉय स्वतःच्या भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. हा कायदा केव्हाच संपला असून तिथल्या ख्रिस्ती मुलींनाही १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे समान वाटा आहे, असा निकाल लागला. त्यावर तिथल्या ख्रिस्ती समाजात केवढी खळबळ उडाली! बापांनी वेळीच मृत्युपत्रं करून ठेवावीत म्हणजे जमीन मुलांकडेच राहील, असे सल्ले चर्चच्या वर्तुळांतूनही दिले गेले. विवाहाच्या पावित्र्याबद्दल जे सनातन सत्याच्या भाषेत बोलत होते, ते शेताच्या सातबाऱ्याशी आले की किती व्यवहारी होतात!

केरळकडे बोट दाखवणं सोपं आहे. आपल्या वसईत काय चाललंय? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मुलीला १९२५ च्या त्याच कायद्याने भावाइतकाच वाटा आहे. प्रत्यक्षात वडील गेले की बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं, आणि त्या सही करतात. न करणारी बहीण माहेरच्या नाताळाला मुकते. गोव्यात वेगळा विवाहकरार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी होते आणि नवरा एकट्याच्या सहीने घर विकू शकत नाही. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेचा हा वारसा. तिथल्या बायका सुखात आहेत असा माझा दावा नाही, पण त्यांचं घर त्यांच्या पाठीमागे विकलं जात नाही.

वसईचं नाव निघालं की फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात. २४ वर्षं ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलेले, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर २०२४ च्या जुलैमध्ये गेले. ‘हरित वसई’च्या चळवळीत ते पाण्यासाठी आणि जमिनीसाठी बिल्डर-राजकारण्यांच्या युतीपुढे उभे राहिले, तेव्हा श्रद्धेचं आणि चळवळीचं नातं काय असतं ते माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं. धर्मगुरूने राजकारणात पडू नये असं म्हणणारे तेव्हाही होते. पण गावंच्या गावं त्यांच्यामागे गेली, कारण विहिरीचं पाणी टँकरने उपसलं जातंय हे प्रत्येकाला दिसत होतं. मला पडलेला प्रश्न असा: जमीन बाहेरच्याने लुटली की आम्हाला तो अन्याय लगेच कळतो. तीच जमीन भावाने बहिणीकडून लिहून घेतली, की आम्हाला तो घरचा मामला का वाटतो? ज्या मोर्च्यात बहिणी पुढच्या रांगेत होत्या त्याच मोर्च्याने वाचवलेल्या वाडीत त्यांचा वाटा शून्य. हा हिशेब मांडायला आमच्याकडे अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

आता श्रद्धेकडे येते, कारण इथेच मला सर्वांत जास्त अडवलं जातं. ‘देवाने जे जोडलं ते माणसाने तोडू नये’ या अर्थाचं येशूचं वचन माझ्यासमोर ठेवलं जातं आणि चर्चा संपली असं मानलं जातं. माझ्या मते ती तिथून सुरू व्हायला हवी. मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायात परूशी लोक विचारतात की पुरुषाने कोणत्याही कारणावरून बायकोला सोडावं का. तो त्या काळातला खरा वाद होता. हिल्लेलच्या परंपरेतले शास्त्री म्हणत, जेवण करपलं तरी कारण पुरेसं. शम्मायच्या परंपरेतले म्हणत, फक्त बदफैली. दोन्हीकडे सोडचिठ्ठी लिहिणारा हात पुरुषाचाच. येशूचं उत्तर त्या हाताला आहे. बायको ही मनात आलं की रस्त्यावर टाकायची वस्तू नव्हे, असं तो पुरुषांच्या घोळक्याला सुनावतो. टाकून दिलेल्या बाईचं काय होतं हे त्या समाजात सर्वांना ठाऊक होतं. दुबळ्याच्या संरक्षणासाठी उच्चारलेलं वचन दोन हजार वर्षांनी त्याच दुबळीला मार खात राहण्याचा उपदेश म्हणून ऐकवलं जात असेल, तर वचन तेच राहूनही अर्थ उलटा झाला आहे.

आणि हे काही माझं वकिली चातुर्य नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत एक तरतूद आहे. जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या आत्म्याला वा शरीराला गंभीर धोका असेल तर वेगळं होण्यास ते वैध कारण आहे. एरवी त्यासाठी बिशपांचा निर्णय लागतो, पण उशीर धोक्याचा असेल तर परवानगीची वाट न पाहताही घर सोडता येतं. कलम ११५३. विवाहपूर्व शिबिरांत आमच्या मुलामुलींना नैसर्गिक कुटुंबनियोजनापासून घरखर्चापर्यंत सगळं शिकवतात, हे कलम शिकवलेलं माझ्या ऐकण्यात नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये विवाह रद्दबातल ठरवण्याची चर्चमधली प्रक्रिया सोपी केली, दुसऱ्या न्यायमंडळाच्या शिक्कामोर्तबाची अट काढली. २०१६ च्या कुटुंबविषयक पत्रात त्यांनी वेगळं होणं कधीकधी अटळ, किंबहुना नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरतं हे मान्य केलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते गेले तेव्हा आमच्या गल्लीबोळांत त्यांचे फलक लागले होते. गरिबांचे पोप, निसर्गाचे पोप. ही बाजू कुठल्याच फलकावर नव्हती.

चर्चच्या इतिहासातली एक गोष्ट तर मराठी वाचकाला विशेष जवळची आहे. नांदायला न येणाऱ्या जोडीदाराला न्यायालयाने परत पाठवावं, हा दावा इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांत जन्मला. तिथून तो इंग्रजी कायद्यात आला आणि जहाजात बसून मुंबईला उतरला. १८८४ मध्ये दादाजी भिकाजीने हाच दावा रखमाबाईंवर लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. हिंदू कायद्यात असा दावा नव्हता, तो परदेशातून आणून इथे लावलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. अपिलात प्रकरण उलटलं आणि १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम निघाला. रखमाबाईंनी तुरुंग पसंत केला. पुढे पैसे देऊन तडजोड झाली. त्या वेळी ‘केसरी’ धर्म आणि संस्कृती राखायला दादाजीच्या बाजूने उभा होता. म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं हत्यार पुण्यात हिंदू धर्माचं कवच झालं. इंग्लंडने तो दावा १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आणि ख्रिस्ती घटस्फोट कायद्याच्या बत्तिसाव्या कलमात अजून सुखरूप आहे. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुन्हा उभा केला. पोटगी टाळायला हा दावा किती सोयीचा असतो, ते कौटुंबिक न्यायालयाच्या कोणत्याही शिपायाला विचारा.

रखमाबाईंची कैफियत अमेरिकेतल्या वाचकांपर्यंत नेली ती पंडिता रमाबाईंनी, १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकातून. त्याआधी चार वर्षं इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेल्या या विदुषीचं चर्चशी नातं आमच्या प्रवचनांत फार गोड करून सांगितलं जातं. प्रत्यक्षात बिशपांनी आणि धर्मभगिनींनी काय मानावं, कुणाला शिकवावं, हे ठरवून द्यायला सुरुवात केली तेव्हा रमाबाईंनी पत्रांमागून पत्रं लिहून वाद घातला. ब्राह्मणांच्या अधिकारातून सुटून आलेली ही बाई दुसऱ्या पुरोहितांपुढे मुकाट मान तुकवणार नव्हती. तिची येशूवरची श्रद्धा तरीही, की त्यामुळेच, जन्मभर टिकली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो बायकामुलींना तिने आसरा दिला. घर सोडून आलेल्या बाईला आत घेणं हीच तिची प्रार्थना होती. आमच्या कुटुंब-चळवळीचं मूळ शोधायचंच तर मी ते केडगावात शोधीन.

हल्ली मात्र ते कोलोरॅडोमध्ये शोधलं जातं. तिथे मुख्यालय असलेली ‘फोकस ऑन द फॅमिली’ ही ख्रिस्ती संघटना जेम्स डॉब्सन यांनी १९७७ मध्ये सुरू केली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. त्या धाटणीची पुस्तकं, व्हिडिओ आमच्या शिबिरांतही फिरतात. एक तक्रार त्यांत हमखास असते: अमेरिकेत घटस्फोट सोपा झाला आणि कुटुंब कोसळलं. कॅलिफोर्नियात कुणाचा दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा १९६९ मध्ये सही करून आणला तो रोनाल्ड रेगन यांनी, ज्यांना पुढे याच मंडळींनी डोक्यावर घेतलं. (स्वतः रेगनही घटस्फोटित.) पण तक्रार रेगनच्या नावाने खोडून काढणं ही पळवाट झाली. तिचा सरळ विचार करायला हवा.

घटस्फोटाने मुलं होरपळतात, हे मी रोज पाहते. दोन्ही बाजूंचे वकील मुलाला ताबा नावाच्या रस्सीखेचीत ओढतात तेव्हा मलाही या पेशाची लाज वाटते. भांडण लांबलं की वकिलाची चूल पेटती राहते, हा टोमणा मला लागू आहे आणि मी तो ऐकून घेते. लग्न आयुष्यभरासाठी असतं यावर माझा विश्वास आहे. पहिल्या मतभेदाला वकिलाकडे धावणाऱ्या जोडप्यांना मी परत पाठवते. प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा की लग्न आयुष्यभर टिकावं म्हणून दाराला बाहेरून कडी घालायची का.

बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मी या वादात नेहमी पुढे करते. एका जोडीदाराच्या इच्छेवर घटस्फोट देणारा कायदा अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वर्षी आला, म्हणून आधी-नंतरची तुलना करता आली. त्या राज्यांत बायकांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्क्यांनी घटल्या, घरातली मारहाण सुमारे ३० टक्क्यांनी. या घटीचं सगळं श्रेय घटस्फोट घेतलेल्यांना देता येत नाही. अभ्यासकांचं म्हणणं असं की मोडलेली नसलेली घरंही बदलली, कारण बायको जाऊ शकते हे कळल्यावर नवऱ्याचा हात आखडला. कडी आतल्या बाजूला आली आणि आतलं वागणं सुधारलं. घर टिकवायची खरी तळमळ असणाऱ्या ख्रिस्ती माणसाने या आकड्यांवर नाराज का व्हावं? बाई राहू शकते कारण ती जाऊ शकते. तिचं राहणं हा तिचा होकार असेल तरच तो संस्कार. कोंडून ठेवलेल्या माणसाच्या होकाराला आमच्याच धर्मसंहितेत किंमत नाही. जबरदस्तीने वा भीतीपोटी दिलेली विवाहसंमती ती मुळात संमतीच मानत नाही. लग्नाच्या दिवशी जी कसोटी लावता, ती दहा वर्षांनी सोडून का देता?

आणि आपल्याकडच्या ज्या घरांची ‘अखंडता’ आपण मिरवतो, तिचं एक मोजमाप सरकारने केलेलं आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अठरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी दर दहांतल्या जवळपास तिघींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्या बायकांत कुणाकडे मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. बाकीच्यांची घरं आमच्या अहवालांत टिकलेल्या घरांतच मोजली जातात.

आता त्या भीतीकडे परत येते. ‘आत्ता नको’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा: घरातली भांडणं बाहेर गेली तर आपल्याला सुधारायच्या नावाखाली बहुसंख्याकांचा कायदा आपल्यावर लादला जाईल. शाहबानोच्या खटल्यानंतर मुस्लिम बायकांना याच युक्तिवादाने गप्प बसवलं गेलं. उत्तराखंडकडे पाहता तो निराधार आहे असं मी म्हणणार नाही. त्या कायद्यात एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना नोंदणीची सक्ती आहे, म्हणजे समतेच्या नावाने सरकार बेडरूमच्या दारात वही घेऊन बसलं. फ्लेव्हिया ॲग्नेस या प्रश्नावर तीन दशकांहून अधिक काळ लिहीत आल्या आहेत. मंगळुरी कॅथलिक कुटुंबातल्या, मुंबईत मारहाणीचं लग्न सोसून बाहेर पडलेल्या आणि मग वकील होऊन ‘मजलिस’ ही संस्था उभी करणाऱ्या फ्लेव्हियांनी एकसाची संहितेला विरोध केला. त्याच वेळी त्यांनी प्रत्येक धर्मातल्या बाईसाठी न्यायालयात हक्क मागितले. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत, हे समजायला आमच्या पुढाऱ्यांना अजून जड जातं.

इतिहासही फ्लेव्हियांच्याच बाजूने साक्ष देतो. मेरी रॉय आमच्यातल्याच होत्या. अम्मिनी, प्रगती वर्गीस आमच्यातल्याच. २००१ ची सुधारणा कुठल्या बहुसंख्याकवादी सरकारने लादली असं कुणी म्हणू शकत नाही, कारण तिच्यामागे ख्रिस्ती बायकांनी जिंकलेले खटले होते. समाजाने स्वतःची घाण स्वतः उपसली असेल तर बाहेरच्याला खोरं घेऊन आत शिरायला निमित्त उरत नाही. आणि ‘आत्ता नको’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं: १८६९ पासून योग्य वेळ नेमकी कधी होती? काँग्रेसच्या राज्यात? जनता पक्षाच्या? १९९० च्या दशकातल्या आघाड्यांच्या? प्रत्येक वेळी काहीतरी संकट होतंच.

२०२५ मध्ये पवित्र कुटुंबाचा सण २८ डिसेंबरला, रविवारी आला. त्या वर्षीच्या वाचनक्रमात त्या दिवशी मत्तयचा दुसरा अध्याय होता. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठलाय हे स्वप्नात कळताच योसेफ रातोरात उठून बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसरला निघून जातो. चर्च आदर्श म्हणून जे कुटुंब पुढे ठेवतं, त्याच्या गोष्टीतला निर्णायक क्षण घर सोडण्याचा आहे. योसेफ धीर धरा, प्रार्थना करा, हेरोद सुधारेल असं म्हणत नाही.

आमच्या धर्मग्रामाच्या फादरांना मी एवढ्यात एक विनंती केली. चर्चच्या फलकावर मिस्सांच्या वेळा, लग्नाच्या घोषणा आणि रक्तदान शिबिराची जाहिरात असते, तिथे तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा फोन नंबर लावा. खाली २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या चार ओळी. घर कुणाच्याही नावावर असो, त्यात राहण्याचा हक्क बाईला आहे. दंडाधिकाऱ्याकडे अर्ज ती स्वतः करू शकते, संरक्षण अधिकारी करू शकतो, तिच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न न्यायालयाने करायचा आहे. हा कायदा कुठल्या एका धर्माचा नाही आणि त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. फादर माझ्या वयाचे, सरळ मनाचे गृहस्थ आहेत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘ताई, नंबर लावायला माझी हरकत नाही. पण फलक रस्त्यावरून दिसतो. बाहेरचे लोक म्हणतील, यांच्या घराघरांत मारहाण चालते.’ मी म्हटलं, फादर, मग आतल्या दाराजवळ लावा, पण पुरुषांच्या बाकांच्या बाजूला. ते हसले आणि धर्मग्राम समितीपुढे ठेवतो म्हणाले. समितीत अकरा जण आहेत, त्यात बायका तीन. तिघींशी बोलणं झालंय. उरलेल्या आठांपैकी दोघांच्या बहिणींची हक्कसोडपत्रं माझ्या कपाटात आहेत, सही न झालेली.